लुडबुडीचं वजन १७८

राजोडीत सदाफुलीला कोणी विचारत नाही. मोगऱ्याला भाव आहे, तगरीच्या कळ्या पहाटेच्या गाडीने दादरला जातात, जास्वंद तर गणपतीच्या दिवसांत वाडीवाल्याशी धड बोलतसुद्धा नाही. सदाफुली मात्र विहिरीच्या कठड्याला, न्हाणीच्या मागे, पडक्या कुंपणाच्या कडेला आपली आपण उगवते आणि बारा महिने फुलत राहते. बाजारात तिला दर नाही, वेणीत ती टिकत नाही, शेळीसुद्धा तिला हुंगून पुढे जाते. (यात शेळीची अक्कल दिसते, झाड विषारी आहे.) त्यामुळे मुंबईहून भाचीने फोन करून "मामा, तुझ्या वाडीत सदाफुली आहे ना?" असं विचारलं, तेव्हा मी आधी "भरपूर" असं सांगून टाकलं आणि कशाला हवी ते नंतर विचारलं. हा माझा कायमचा क्रम आहे.

भाची मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. मी रसायनशास्त्राचा बी.एस्सी. आहे, पण पदवीचा कागद हातात पडल्या पडल्या बँकेत लागलो आणि त्यानंतर रसायनशास्त्राशी माझा संबंध तुरटी, खाण्याचा सोडा आणि शाईच्या डागापलीकडे गेला नाही. तरी घरात कोणी विज्ञानाचं काही बोललं की मी खुर्ची पुढे ओढतो. पंप दुरुस्त करायला आलेल्या माणसाला पान्हा कसा धरायचा ते मी सांगतो. शेजारच्या लग्नपत्रिकेतली नावं मी फिरवून दिली होती. ते घर अजून आमच्याशी बोलत नाही. कुठलीही वस्तू आहे तिथे आणि आहे तशी राहू देणं मला जमतच नाही. "अहो, हात लावू नका" हे आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा उच्चारलं गेलेलं वाक्य असावं.

नेमकी हीच माझी लायकी, आणि नेमकं याच्या उलट काम भाचीला हवं होतं.

तिने फोनवर समजावलं. मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणजे रेणूंचं वजन करायची विद्या. रेणूवर विद्युतभार चढवायचा, त्याला निर्वातात पळवायचा आणि वजनाप्रमाणे वेगळा काढायचा. इथवर मी ऐकून होतो. पण त्यासाठी पान वाटून, द्रावकात घोळवून, गाळून घ्यायचं म्हटलं की कोणता पदार्थ किती आहे ते कळतं, पानात तो कुठे होता ते कायमचं पुसलं जातं. आता या यंत्रांनी चित्र काढता येतं. पानाचा किंवा कुठल्याही ऊतीचा पातळ थर घ्यायचा आणि ठिपक्या-ठिपक्याने पुढे सरकत प्रत्येक ठिपक्यावरच्या रेणूंची वजनं नोंदवायची. मग संगणकाला सांगायचं, "३३७ वजनाचा कुठे कुठे आहे ते दाखव." तो सगळ्या पानाचा नकाशा काढून देतो. रंग नको, खूण नको, आधीपासून काय शोधायचं ते ठरवायलाही नको. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या रिचर्ड कॅप्रिओली यांनी १९९७ मध्ये लेझर वापरून हे करून दाखवलं आणि तेव्हापासून लोक उंदराच्या मेंदूपासून द्राक्षाच्या सालीपर्यंत मिळेल त्याचे नकाशे काढत आहेत.

"पण सदाफुलीच का?" मी विचारलं.

तर सदाफुलीच्या पानात विंडोलिन आणि कॅथरँथिन नावाचे दोन पदार्थ असतात. ते एकत्र जुळले की विनब्लास्टिन होतं, म्हणजे कर्करोगावरचं औषध. त्याचंच भावंड विनक्रिस्टिन. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात डॉक्टर ते वर्षानुवर्षं देत आले आहेत. आमच्या न्हाणीमागच्या झाडात एवढं आहे हे ऐकून मला न्हाणीबद्दलच आदर वाटू लागला. पण एक ग्रॅम विनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. का? तर कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं की कॅथरँथिन पानाच्या बाहेर, वरच्या मेणाच्या थरात जाऊन बसतं आणि विंडोलिन आत पेशींमध्ये राहतं. एकाच पानात असून दोघांची गाठ पडत नाही. सातबाऱ्यावर नावं एकत्र आणि बोलणं बंद, हा प्रकार आमच्या वसई तालुक्याला नवा नाही, त्यामुळे मला ते पटकन समजलं.

"म्हणून नमुना तयार करताना एकच गोष्ट सांभाळायची," भाची म्हणाली, "जो रेणू जिथे आहे तिथून तो हलता कामा नये. यंत्र नंतरचं काम करतं. चित्र बिघडतं ते आधीच, माणसाच्या हातात."

मग तिने नेहमीची पद्धत सांगितली. ऊती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनच्या थंडीत झटक्यात गोठवायची. हळू गोठवली तर पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फोडतात. मग उणे २० अंशांच्या आसपास थंड ठेवलेल्या कपाटात, क्रायोस्टॅटमध्ये, पात्याने १० ते १२ मायक्रॉन जाडीचा काप काढायचा. माणसाचा केस ७०-८० मायक्रॉन असतो, म्हणजे केस उभा चिरून त्याचे सहा-सात काप करण्याचं हे काम. तो काप विजेला वाट देणाऱ्या खास काचेवर अलगद चिकटवायचा, निर्वातात सुकवायचा. त्यावर मॅट्रिक्स नावाच्या आम्लाचा धुक्याएवढा बारीक फवारा मारायचा. फवारा ओला पडला तर रेणू वाहून शेजारच्या पेशीत जातात. कोरडा पडला तर जागचे उठतच नाहीत. एवढं सगळं सांगून ती म्हणाली, "यातलं तुला काहीही करायचं नाहीये. तू फक्त एक रोप मुळासकट कुंडीत घालून आण."

मी ऐकलं ते असं: गोठवायचं, कापायचं, काचेवर ठेवायचं. यात न जमण्यासारखं काय आहे? पोरीचं तेवढंच काम वाचेल.

आमच्या फ्रीझरमध्ये त्या वेळी बोंबील, करंदी आणि किसलेलं खोबरं होतं. खोबरं मी खाली हलवलं, ते खराब झालं, त्याचा हिशेब वेगळा झाला. सदाफुलीला हात घालण्याआधी सराव हवा म्हणून मी बोंबलापासून सुरुवात केली. या निवडीमागे विचार होता. बोंबील मऊ, घरात उपलब्ध, आणि वाया गेला तर तळता येईल. एवढाच विचार होता. बोंबलात पाणीच पाणी असतं आणि घरचा फ्रीझर उणे १८ वर रेंगाळत रेंगाळत गोठवतो हे त्या विचारात बसलं नव्हतं. आतून स्फटिकांनी भोसकलेला तो मासा बाहेर काढला तेव्हा कडक होता, पात्याखाली चुरा होत होता आणि दोन मिनिटांनी ताटलीत त्याचं तळं झालं होतं.

मग वाचनात आलं की प्रयोगशाळेत ऊती एका पारदर्शक चिकात बुडवून गोठवतात, म्हणजे कापताना आधार मिळतो. त्या चिकात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल असतं. पहिलं नाव मी ओळखलं. बँकेत पाकिटं चिकटवायला जो पारदर्शक गोंद वापरायचो, त्याच्या बाटलीवर ते वाचल्याचं मला स्मरत होतं. मी बाजारातून गोंद आणला, बर्फाच्या ट्रेमध्ये ओतला, प्रत्येक खणात सदाफुलीचं एक-एक पान उभं केलं आणि ट्रे फ्रीझरमध्ये सारला. त्याच वाचनाच्या पुढच्या परिच्छेदात काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही. त्यात असं होतं की चित्र काढायचं असेल तर हा चिक ऊतीला लागूसुद्धा देऊ नका. त्यातलं ग्लायकॉल यंत्रात शिरलं की ४४-४४ च्या अंतराने आकड्यांची रांग उभी करतं आणि त्या गर्दीत खऱ्या पदार्थाचा आवाज ऐकू येत नाही. जाणते लोक नमुन्याच्या बुडाला पाण्याचा एक थेंब लावून तेवढ्यावर तो गोठवून उभा करतात. पाणी! माझ्याकडे विहीर आहे.

संध्याकाळी पाहुण्यांना सरबतात बर्फ म्हणून सौ.ने तो ट्रे काढला. त्या प्रसंगाचं वर्णन मी टाळतो. पाहुणे तिच्या माहेरचे होते एवढं पुरे.

दाढीच्या पात्याने मी काप काढायला बसलो तो अर्थात फ्रीझर पूर्ण माझ्या ताब्यात नसल्यामुळे जेवणानंतर. सर्वांत पातळ काप मी पट्टीने मोजला. पट्टीने मोजता आला, यातच सगळं आलं. तरी मी ते काप काचेच्या तुकड्यांवर लावले, वर नावं लिहिली, पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवले. रात्री लाईट गेली. पहाटे आली. म्हणजे पान एकदा गोठलं, वितळलं, पुन्हा गोठलं. पेशींनी काय सोसलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला बाहेरून सगळं टणक दिसलं, म्हणून मी समाधानी होतो.

आता नेण्याचा प्रश्न. उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ कुठे मिळेल याची चौकशी मी अर्नाळ्याच्या बंदरावर केली. तिथल्या माणसाने "बर्फ कोरडा कसा असेल?" असा रास्त प्रश्न विचारला आणि ओला बर्फ दिला. थर्माकोलची माशांची पेटी मी घासून घेतली होती, पण थर्माकोल आपला भूतकाळ विसरत नाही. रिक्षाने आगाशी, बोळींज करत विरार गाठलं. सकाळच्या विरार गाडीत पेटी घेऊन साध्या डब्यात शिरण्याचा मी प्रयत्न केला. डब्याने मला शिरू दिलं, पेटीला नाही. मग दोघांनाही बाहेर काढलं. शेवटी मालडबा.

मालडब्यात फुलांचे भारे, भाजीच्या गोण्या आणि टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणी. एका मावशींनी सरकून जागा दिली आणि पेटीकडे पाहून व्यवसायबंधूच्या आपुलकीने विचारलं, "किती किलो?"

"अडीच ग्रॅम," मी म्हणालो.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नायगाव गेल्यावर म्हणाल्या, "भाऊ, भोक कुठाय?"

"कसलं?"

"पाणी जायला. बर्फाचं पाणी पेटीत राहिलं तर माल कुजतो. आणि बर्फ खाली घातलाय तुम्ही. चहूबाजूंनी घालायचा असतो. माल कधी आणला? कालचा?" त्यांनी झाकण उचललं, आत पाहिलं, काचेचा एक तुकडा बोटांत धरून उजेडाकडे केला आणि परत ठेवला. "हा परवाचा," त्या म्हणाल्या.

मालाच्या बाबतीत इतकं अचूक निदान पुढे प्रयोगशाळेतही झालं नाही. भाचीने पेटी उघडली तेव्हा काचा पाण्यात बुडाल्या होत्या, नावं धुऊन गेली होती आणि सदाफुलीचा तपकिरी लगदा झाला होता. रेणू जागचे हलू नयेत अशी अट होती. माझे रेणू विरार ते मुंबई एकमेकांत मिसळत आले होते. भाची म्हणाली, "मामा, कुंडी?" मी म्हणालो, "कुंडी जड झाली असती."

तिने मला कँटीनमध्ये नेलं. मला वाटलं ओरडणार, पण तिने वडा मागवला. मग मीच आधाराला कोइची तानाका यांची गोष्ट काढली, कारण ती मी तयार करून गेलो होतो. तानाका म्हणजे जपानच्या क्योतो शहरात शिमाझू कंपनीत काम करणारे साधे इंजिनीअर. १९८५ च्या सुमारास प्रयोग करताना कोबाल्टच्या बारीक पुडीत त्यांनी चुकून भलतंच, म्हणजे ग्लिसरीन ओतलं. पूड महाग, टाकवेना. म्हणून तेच मिश्रण यंत्रात घातलं आणि लेझरखाली मोठमोठे रेणू न तुटता उडू लागले. त्या चुकीवर २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

"बरोबर," भाची म्हणाली. "पण त्यांनी चूक झाल्यावर मोजलं. तुझ्या चुकीत मोजायला काही उरलेलंच नाही."

वडा संपेपर्यंत तिने दुसरी वाट सांगितली, आणि ही वाट मला खरोखर आवडली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने २००४ मध्ये लेझर आणि मॅट्रिक्स दोन्ही बाजूला ठेवून नुसता फवारा वापरला. मिथेनॉल-पाण्याचे विद्युतभारित थेंब नमुन्यावर मारायचे. ते आपटून उडताना पृष्ठभागावरचे रेणू बरोबर घेतात आणि शेजारच्या नळीतून यंत्रात शिरतात. सगळं उघड्या हवेत. नकाशा लेझरइतका बारीक येत नाही, पण नमुन्याला निर्वात नको, आम्लाचा लेप नको. पानाची अडचण मात्र इथेही येते. ते खडबडीत, लवदार, वर मेण. फवारा आत पोचत नाही. त्यावर आयआयटी मद्रासमध्ये आर. जी. हेमलता आणि थलापिल प्रदीप यांनी २०१३ मध्ये जे केलं ते ऐकून मी वडा खाली ठेवला. त्यांनी पान कापलंच नाही. पातळ सिलिकाचा थर दिलेली जी पट्टी कॉलेजात क्रोमॅटोग्राफीला वापरतात, तिच्यावर पान आणि पाकळी दाबून सपाट ठसा घेतला आणि त्या ठशाचं चित्र काढलं. शिरा दिसल्या, पानाची कड दिसली, फुलाच्या मधला रंगाचा डोळासुद्धा दिसला. आणि झाड कोणतं? सदाफुली!

ठशात उणिवा आहेत, हे भाचीने लगेच सांगितलं. दाबताना रस थोडा पसरतोच, आणि आत कुठल्या थरात काय आहे ते सगळं एकाच पातळीवर येऊन पडतं. काप तो काप. पण क्रायोस्टॅट नाही, नायट्रोजन नाही, पेटी नाही. ज्याच्याकडे झाड आहे त्याने झाडापाशी बसून ठसा घ्यावा आणि कोरडी पट्टी पाकिटात घालून आणावी. मला विचाराल तर या विषयातली खरी हुशारी इथे आहे. महागडं यंत्र एकदाच घ्यावं लागतं, पण नमुन्यातली एक-एक पायरी गाळणाऱ्याने रेणूला हलायची एक-एक संधी काढून घेतलेली असते. याच मद्रासच्या गटाने पुढे सुपारीतल्या अल्कलॉइडांची मांडणी फळ वाढतं तशी कशी बदलते तेही २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. आमच्याकडे पोफळी आहेत हे मी लगेच सांगितलं. भाची म्हणाली, "आधी सदाफुली."

आणि मला ही पद्धत आवडण्याचं एक खासगी कारण होतं. ठसा! माझं आयुष्य ठसे उमटवण्यात गेलंय. दिवसाला शेकडो शिक्के मी सरळ, न फासता मारले आहेत. पेन्शनच्या दिवशी वाड्यांतून, पाड्यांतून आलेल्या म्हाताऱ्यांचे अंगठे धरून कागदावर टेकवले आहेत. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा, अंगठा फिरवायचा नाही, सरळ खाली, सरळ वर. या कामात मला शिकवू शकेल असा माणूस पर्ड्यूतही नव्हता.

भाचीने पट्ट्यांचं पाकीट दिलं आणि सूचना कागदावर लिहून दिल्या, कारण तोंडी सूचनांचं मी काय करतो ते तिने पाहिलं होतं. पान ताजं तोडायचं. धुवायचं नाही. पट्टीवर ठेवून वर टिपकागद, वर सपाट वजन. पट्टीला बोट लावायचं नाही, कडेने चिमट्याने धरायची. खुणा शिसपेन्सिलीने करायच्या. सावलीत, घरात सुकवायची. शेवटी मोठ्या अक्षरांत: बाकी काहीही करायचं नाही.

सहा-सात ओळींच्या कागदात माझ्यासाठी जागा कुठे होती? तरी मी ती केली.

पानांवर धूळ होती. राजोडीला शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या समुद्रावर जातात, त्या सगळा रस्ता आमच्या कुंपणावर उडवतात. "धुवायचं नाही" हे मी पाळलं. पाण्याला हात लावला नाही. कापसावर स्पिरिट घेऊन प्रत्येक पान मात्र हलकेच पुसलं. पुसल्यावर पानं अशी चकाकली की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

सपाट वजन म्हणून घरात काय आहे ते शोधताना पोळपाट-लाटणं हाती आलं. सौ. म्हणाली, "अहो, वजन ठेवायला सांगितलंय, लाटायला नाही." मी म्हणालो की लाटल्याने दाब सगळीकडे सारखा बसतो. तो बसला. हिरवा रसही सगळीकडे सारखा बसला, लाटण्याच्या दिशेने.

घरात सुकायला वेळ लागतो म्हणून पट्ट्या गच्चीवर नेल्या. सुरूच्या बनातून वारा येत होता, समोर समुद्र, ऊन उतरलेलं. अर्ध्या तासात पट्ट्या कोरड्या. पेन्सिलीची खूण पांढऱ्यावर फिकी दिसते आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास नको, म्हणून मी लाल मार्करने ठळक नावं घातली. राजोडी, सदाफुली, पान क्रमांक, आणि खाली माझी सही. सहीशिवाय कागद सोडायची सवय नाही.

तेवढ्यात दिवेलागण झाली. वाडीतले डास म्हणजे संध्याकाळी माणूस बाहेर दिसला की कुटुंबासह येतात. मी हातापायांना डासांचं मलम चोळलं आणि शेवटची पट्टी करायला बसलो. तिच्यावर मी लाटणं वापरलं नाही. चिमटा सापडत नव्हता. पान नीट बसावं म्हणून एका कोपऱ्यात किंचित, अगदी किंचित, दाबलं.

पाकीट कोरडं, पेटी नाही, साध्या डब्यात उभं राहून नेलं. काही दिवसांनी भाचीचा फोन आला. आवाज विचित्र होता. हसू दाबताना माणसाचा होतो तसा.

"मामा, पानं कशाने पुसलीस?"

मी सांगितलं.

"कॅथरँथिन पानाच्या वरच्या मेणात असतं, हे मी तुला सांगितलं होतं ना? ३३७ ला काहीच नाहीये. एकाही पट्टीवर नाही. कापूस ठेवलायस का? औषध कापसावर आहे."

कापूस मी जाळला होता. डास जावेत म्हणून.

विंडोलिन मात्र होतं, पण ४५७ ला दिसायचं ते बहुतेक ४७९ ला दिसत होतं. म्हणजे प्रत्येक रेणूला सोडियम चिकटला होता, त्याने वजन २२ ने वाढतं. समुद्राच्या वाऱ्यात पट्ट्या ठेवल्याचा हा परिणाम. राजोडीच्या हवेने माणसाचं वजन वाढतं हे आम्ही पाहुण्यांना नेहमी सांगतो, त्याला शास्त्रीय आधार मिळाला. शिवाय ते विंडोलिन पानाच्या आकारात नव्हतंच, पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टे ओढल्यासारखं होतं. "तू हे लाटलंस का?" भाचीने विचारलं. मी विषय बदलला.

सगळ्यांत सुंदर चित्र ४४३ ला आलं होतं. काठ स्वच्छ, कुठे फासलेलं नाही, उजेड भरपूर. लाल मार्करमध्ये ऱ्होडामिन नावाचा रंग असतो, तो यंत्रात इतका जोरात बोलतो की फवारा नीट लागलाय का हे तपासायला हे लोक मुद्दाम काचेवर लाल रेघ ओढतात. यंत्राने माझी सही वाचली होती. "वळणदार आहे," भाची म्हणाली.

मी फोन ठेवण्याच्या बेतात होतो. ती म्हणाली, "थांब. शेवटच्या पट्टीवर १७८ ला काहीतरी आहे. सदाफुलीत १७८ ला असं काही असायला नको. आम्ही दोन दिवस शोधलं. नवा पदार्थ सापडला की काय म्हणून सर पण येऊन बसले. मग सगळ्या पट्टीचा नकाशा काढला." ती पुन्हा थांबली. "मामा, अंगठा आहे. पूर्ण. रेषा मोजता येतात. मधे तिरपा छेद आहे."

तो छेद नारळ सोलतानाचा आहे, लहानपणचा. आणि १७८ म्हणजे डायएथिल बेंझामाइड. डासांचं मलम.

मला वाटलं आता प्रकरण संपलं, हा पदार्थ आणि हा मामा दोघेही बाद झाले. पण त्यांच्या सरांनी ते चित्र पडद्यावर मोठं करून बराच वेळ पाहिलं म्हणे. कुक्स यांच्याच गटाने २००८ मध्ये याच फवाऱ्याने बोटांच्या ठशांची रासायनिक चित्रं काढली होती. कोणाचं बोट, हे तर रेषांवरून कळतंच. त्या बोटाने कशाला हात लावला होता, तेही कळतं. सरांनी विचारलं, हा ठसा कोणी घेतला? पानांच्या ठशांत जमलं नाही ते इथे जमलंय. कुठे रेणू हललेला नाही, दाब सारखा, फिरवलेला नाही, सरळ खाली, सरळ वर.

"सर म्हणतायत मामांना बोलवा," भाची म्हणाली. "विद्यार्थ्यांना शिकवायला चांगला नमुना आहे. एक मलम लावलेला, एक मलमाशिवाय, शेजारी शेजारी. येशील?"

पेन्शनच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे अंगठे धरणारा मी, आता नमुना होतो. अर्थातच येईन म्हणालो. कधी ते नंतर विचारलं.

"सोमवारी. आणि हे बघ, मामा, काही आणायचं नाही. पेटी नाही, पाकीट नाही. नुसता ये. हाताला काहीही करायचं नाही. साबण नाही, तेल नाही, क्रीम नाही. आहे तसा ये. कळलं?"

"कळलं. डावा की उजवा?"

"कुठलाही."

"पुरुषाचा डावा घेतात."

"बरं, डावा."

"आणि मलमाशिवायचा आहे तो स्पिरिटने पुसून आणू का?"

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग भाची म्हणाली, "मामीला फोन दे."